‘सायमन, गो बॅक!’ : दोन शब्दांच्या एका क्रियापदाचा इतिहास

१/
३ फेब्रुवारी १९२८. सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखालील आयोग मुंबई बंदरात उतरला. स्वागताला होते काळे झेंडे, हरताळ आणि एक घोषणा : ‘सायमन, गो बॅक!’ ती रचण्याचे श्रेय मुंबईचे युवक नेते युसुफ मेहेरअली यांना दिले जाते.

२/
संतापाचे कारण स्पष्ट होते. भारताच्या घटनात्मक सुधारणांचा विचार करणाऱ्या या आयोगाचे सातही सदस्य ब्रिटिश संसदेतले होते. भारतीय एकही नव्हता.

३/
आता शब्दांकडे वळू. इंग्रजीत साध्या क्रियापदाला एखादे छोटे अव्यय जोडून नवे क्रियापद घडते. ‘रिटर्न’मध्ये परत येणेही असते आणि परत जाणेही. ‘गो’ म्हटले की दिशा एकच उरते : बोलणाऱ्यापासून दूर. ‘बॅक’ त्यात भर घालते : जिथून आलात, तिथेच.

४/
मराठीत शब्दशः ‘मागे जा’ म्हटले, तर ऐकणारा दोन पावले सरकेल. खरा अर्थ ‘परत जा’ असा आहे. याच ‘गो बॅक’ला ‘ऑन’ जोडले, की अर्थ होतो दिलेला शब्द फिरवणे. एका अव्ययाने अर्थ असा पालटतो.

५/
मात्र ही घोषणा साऱ्या देशाची नव्हती. आदल्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाचा प्रश्न वेगळा होता. डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे आयोगाला निवेदन दिले आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात साक्षही दिली. प्रौढ मताधिकार ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. आयोग परत गेला, तरी हा प्रश्न इथेच उरणार होता.

६/
आठवडाभरातच, ३० ऑक्टोबरला, लाहोरच्या निदर्शनांवर लाठीमार झाला. त्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला निवर्तले.

७/
१९४२ साली ‘क्विट इंडिया’ ही घोषणा आली. तिचे श्रेयही मेहेरअलींनाच दिले जाते. मराठी माणसाच्या तोंडी ती ‘चले जाव’ म्हणून रुळली. १९२८ मध्ये परत जायचे होते एका आयोगाने, १९४२ मध्ये साऱ्या राजवटीने.

८/
सायमन आयोगाच्या सात सदस्यांत मजूर पक्षाचे क्लेमेंट ॲटली होते. १९४७ मध्ये ब्रिटिश सत्ता भारतातून गेली, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान तेच होते.