कळंब ते मॉरिशस : दोन रिंगांची गोष्ट

यंदा गणेश चतुर्थीच्या सकाळी मोठ्या बाबांनी विचारलं, "बापू, गुरुजीले फोन लावला काय?" आणि मी अडकलो. दरवर्षी लॅपटॉप उघडून स्काइपवरून लावून द्यायचो. तो स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाला, हे त्यांना सांगितलंच नव्हतं.

गुरुजी मॉरिशसचे. आडनाव मराठी, पणजोबा कोकणातले. १८३४ नंतर इंग्रजांनी करारावर मजूर भरून उसाच्या मळ्यांवर नेले, त्यातलं त्यांचं घराणं. मोठे बाबा आमच्या कळंबचे (चिंतामणीचं कळंब, यवतमाळ जिल्हा, धाराशिवचं नव्हे). ओळख झाली नागपुरात, जानेवारी १९७५ मध्ये, पहिल्या विश्व हिंदी संमेलनात. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम त्याला आले होते. मोठे बाबा तेव्हा नवखे मास्तर, स्वयंसेवकाचा बिल्ला लावून फिरत होते. हिंदीच्या संमेलनात दोन मराठी मास्तर एकमेकांना सापडले, याची गंमत दोघांनाही पन्नास वर्षं पुरली आहे.

आधी पत्रं चालली. फोन म्हणजे ट्रंक कॉल. बुक करा आणि दिवसभर वाट पाहा. अर्जंटला दुप्पट, लाइटनिंगला आठपट, आणि तेही देशातल्या देशात. परदेशी कॉल मुंबईहून पुढे जायचा. उपग्रहाशी जोडणारं देशातलं पहिलं व्यापारी केंद्र आर्वीला झालं. वर्ध्याची आर्वी समजू नका, ते जुन्नर तालुक्यातलं आर्वी. मी लहानपणी वर्ध्याचीच समजून उगाच छाती फुगवत असे.

मग १९८४ मध्ये सी-डॉट आलं, सॅम पित्रोदांचं. धूळ, ऊन आणि विजेचा लपंडाव सोसणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंज तिथे तयार झाली, आणि नव्वदच्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ गावोगाव दिसू लागले. काचेची केबिन, आत पंखा नाही, डोक्यावर लाल आकडे. मोठे बाबा बोलताना गुरुजींचा आवाज कमी ऐकायचे आणि आकड्यांकडे जास्त बघायचे. परदेशी कॉलला पल्स इतक्या भराभर पडायच्या की "बाकी सर्व ठीक" म्हणेपर्यंत दिवसाची भाजी जायची. म्हणून दोघांनी युक्ती काढली. चतुर्थीला दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचं. पलीकडे उचलला नाही तर बिल नाही. दोन रिंगा म्हणजे इकडे गणपती बसला. मॉरिशसमध्येही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे गुरुजी घरीच सापडायचे.

कॉल एवढा महाग का होता? अंतर हे कारण अर्धंच खरं. मुंबईहून मॉरिशस साधारण ४,७०० किलोमीटर, लंडन ७,२०० च्या आसपास. खरं कारण दोन्ही टोकांच्या दारांत होतं. आपल्याकडे परदेशी कॉलचं दार एकच, व्हीएसएनएल. ती मक्तेदारी ३१ मार्च २००२ ला संपली. दुसऱ्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी फोन लावणं कायदेशीर झालं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेकडून मॉरिशसमार्गे कोचीला येणारी 'सेफ' ही समुद्राखालची केबल सुरू झाली. आम्हाला वाटलं, आता स्वस्ताई.

अमेरिका स्वस्त झाली, इंग्लंड झालं. छोटी बेटं मागेच राहिली. इथली कंपनी कॉल पोचवते तो पलीकडच्या कंपनीच्या दारापर्यंत; पुढे घरापर्यंत नेण्याचे पैसे पलीकडची कंपनी मिनिटामागे घेते. अमेरिकेत डझनभर कंपन्या, त्यांच्या चढाओढीत तो आकार जवळपास शून्यावर आला. बेटावर ग्राहक मोजके, कंपन्या एक-दोन, आणि येणारा प्रत्येक कॉल म्हणजे डॉलरची कमाई. तुवालूसारख्या, जेमतेम अकरा हजार वस्तीच्या देशाने नव्वदच्या दशकात आपला कोड चक्क अश्लील गप्पांच्या लाइनींना भाड्याने देऊन पैसा मिळवला. अनोळखी परदेशी कोडवरून मिस्ड कॉल येतो आणि उलट फोन केला की बॅलन्स उडतो, ती फसवणूकही याच आकारावर पोसलेली आहे. तेव्हा सावध राहा.

पण बेटांना शिव्या देण्याआधी आपलं घर बघू. गावातल्या लँडलाइनचं भाडं खर्चापेक्षा कमी ठेवलं होतं, आणि ती तूट लांबच्या व परदेशी कॉलमधून भरून निघायची. पुढे याला अॅक्सेस डेफिसिट चार्ज असं रीतसर नाव मिळालं. २००८ मध्ये तो बंद झाला. म्हणजे दुबईहून कुणी आईला केलेल्या महागड्या फोनवर आमच्यासारख्या तालुक्यांतल्या तारा जगत होत्या. भारतात येणाऱ्या परदेशी कॉलवर आपणही आकार घेतोच. ट्रायने तो ५३ पैशांवरून ३० वर आणला, फेब्रुवारी २०१८ पासून. मोबाइल कंपन्यांना मात्र तो वाढवून हवा होता. मॉरिशस जे करतं तेच आपण करतो, फक्त आपली गिऱ्हाइकं जास्त.

व्हॉट्सॲप आलं आणि लोक म्हणाले, प्रश्न मिटला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांचा मिटला. गुरुजी ऐंशीच्या पुढे, कानाने कमी ऐकतात, आणि त्यांना तो जुना जाड रिसीव्हरच सोसतो. माझ्या मोबाइल कंपनीचं रेटकार्ड पाहिलं, तर अमेरिका-कॅनडा वरच, आणि मॉरिशस पार तळाला, कितीतरी पट दराने. परवडलं नसतं असं नाही. पण मोठ्या बाबांना मिनिटाचा दर सांगितला आणि चूक केली.

"पैसे कायले घालवतं? दोन रिंगा दे अन् ठेवून दे."

मी म्हटलं, "बाबा, पंचवीस वर्षं झाली, त्यांना काय आठवणार?"

"लाव तू."

सकाळचे साडेदहा, म्हणजे तिकडे नऊ. दोन रिंगा दिल्या आणि कापला. आरती आटोपली, मोदकाचं ताट फिरलं. चाळीसेक मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. अधिक दोन-तीन-शून्य. मी उचलायला हात घातला, तर मोठ्या बाबांनी मनगट धरलं.

दोन रिंगा झाल्या आणि फोन बंद झाला.