छोट्या घराने मोठी चौकट मांडावी का?

३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच अशा एका चौकटीची ही हकिकत आहे. सिनेमाच्या फिल्मवरील दोन चौकटी एकत्र करून जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी ती छोट्या कॅमेऱ्यात वापरली आणि १९२५ साली लायका बाजारात आला. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडचे सहलींचे आणि बारशांचे बहुतेक रंगीत फोटो याच मापाच्या रोलवर निघाले. तेव्हा तिला फारसे कुणी ‘फुल फ्रेम’ म्हणत नसे. डिजिटल कॅमेरे आले, त्यांचे सेन्सर फिल्मपेक्षा लहान निघाले, तेव्हा हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला.

सेन्सर लहान का निघाले? तो सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापतात. चकतीवर कुठे तरी बारीक दोष असतोच. तुकडे लहान असतील तर नुकसान थोडे. मोठे असतील तर एका ठिपक्यापायी मोठा तुकडा वाया. शिवाय मोठे तुकडे मुळात निघतात मोजकेच. स्वतःचे सेन्सर बनवणाऱ्या कॅननला हे झेपले. १९१९ साली सुरू झालेल्या जपानी कारखान्याच्या पेन्टॅक्सला ते विकत घ्यावे लागत.

हा कारखाना लहान, पण मान मोठा. जपानचा पहिला ३५ मिलिमीटर एसएलआर त्याने १९५२ साली केला. १९७६ साली आलेला साधा, दणकट के-१००० तर दोन दशके बनत राहिला. २००० साली कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात पेन्टॅक्सने फिलिप्सचा सहा मेगापिक्सेलचा पूर्ण मापाचा सेन्सर बसवलेला कॅमेरा मांडला. पण खर्चाचे गणित जुळेना, आणि २००१ साली तो रद्द झाला. हाच सेन्सर घेऊन २००२ साली कॉन्टॅक्स बाजारात उतरला. २००५ साली क्योसेराने कॉन्टॅक्सचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा पेन्टॅक्सने पाय मागे घेतला, हे मला शहाणपणाचे वाटते.

मात्र गिऱ्हाइकाचे काय? त्याने हौसेने एकेक लेन्स जमवलेली. २८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये पूर्वी अख्खे अंगण मावायचे. लहान सेन्सरवर कडेची माणसे चौकटीबाहेर गेली. पंधरा वर्षे हा माणूस वाट पाहत राहिला. मधल्या काळात कंपनी होयाकडे गेली, २०११ साली रिकोकडे आली. अखेर २०१६ साली के-१ आला. ३६ मेगापिक्सेल, अमेरिकेत किंमत सुमारे १,८०० डॉलर, आणि १९७५ पासूनच्या के-माउंट लेन्स त्यावर चढत होत्या. २०१८ साली सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा जुन्या के-१ मध्ये पैसे भरून नवा सर्किट बोर्ड बसवून देण्याची सोयही काही काळ केली. मोठ्या कंपन्यांना असे सुचल्याचे मला तरी आठवत नाही.

उशीर मात्र झालाच होता. सोनीने २०१३ सालीच आरसा नसलेला फुल फ्रेम आणला होता. २०१८ साली निकॉन आणि कॅननही त्या वाटेला लागले. मग पेन्टॅक्सने या मैदानात उतरूच नये होते का? तसे म्हणावे, तर ऑलिम्पस समोर आहे. त्याने २००३ पासून पाव क्षेत्रफळाचा सेन्सर धरला, डिजिटल फुल फ्रेमच्या वाटेला गेलाच नाही. २०२० साली त्यानेही कॅमेऱ्यांचा विभाग विकायला काढला. बाहेर राहिल्याने घर वाचले, असे काही झाले नाही.

गझलेच्या शेराला दोन ओळी पुरतात, म्हणून त्या कवीने खंडकाव्य लिहूच नये असा नियम नाही. पण लिहिले तर ते ऐकणारे चार लोक कोण, हे त्याला ठाऊक असावे. के-१ चे गिऱ्हाईक कोण, हे पेन्टॅक्सला ठाऊक होते: जुन्या लेन्सवाला. तेवढ्यासाठी तो कॅमेरा काढणे मला योग्य वाटते. निकॉनचे गिऱ्हाईक ओढायला काढला असता, तर आत्मघात ठरला असता.

आणि याच पेन्टॅक्सने २०२४ साली फिल्मचा नवा कॅमेरा आणला. त्याची चौकट अर्धी आहे. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर फोटो निघतात.