पारायुक्त कवकनाशके : इराकमधील विषबाधा (१९७१–७२)

गव्हावरील दुर्गंधी काणीसारख्या बीजजन्य कवकरोगांच्या प्रतिबंधासाठी पाऱ्याची कार्बनी संयुगे १९१५ पासून वापरात आली. त्या वर्षी जर्मनीत बायर कंपनीने ‘उस्पुलून’ हे क्लोरोफिनॉलयुक्त संयुग प्रचारात आणले. पुढे आलेली मेथिल व एथिल पारा संयुगे अत्यल्प मात्रेत परिणामकारक असल्याने स्वस्त पडत. त्यांचा धोका अज्ञात नव्हता. डायमेथिल पाऱ्यावरील प्रयोगांत विषबाधा होऊन लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील प्रयोगशाळेचे दोन साहाय्यक १८६५-६६ मध्ये मरण पावले होते.

मेथिल पारा आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे शोषला जातो व मेंदूत पोहोचतो. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सु. दोन महिने लागतात. लक्षणे मात्र कित्येक आठवडे प्रकट होत नाहीत, आणि इराकमध्ये हाच गुणधर्म सर्वांत घातक ठरला.

त्या देशात १९५६ व १९६० मध्ये प्रक्रिया केलेले बियाणे खाल्ल्याने विषबाधा झालीच होती. तरीही १९७१ च्या शरद ऋतूत मेथिल पारा लावलेला सु. ७३,००० टन गहू व २२,००० टन बार्ली आयात करून शेतकऱ्यांत वाटण्यात आली. गहू मुख्यत्वे मेक्सिकोचा होता. पुष्कळ ठिकाणी पेरण्या आधीच आटोपल्या होत्या. पोत्यांवरील सूचना स्पॅनिश व इंग्रजीत होत्या. त्या वाचणार कोण? दाण्यांना धोकादर्शक तांबडा रंग दिलेला होता. तो धुतल्यावर निघे, पारा मात्र बऱ्याच अंशी दाण्यातच राही. काहींनी धान्य आधी कोंबड्यांना घालून पाहिले. चार दिवसांत काही न झाल्याने त्याच्या भाकरी घरोघर होऊ लागल्या. गव्हातील मेथिल पाऱ्याचे सरासरी प्रमाण किग्रॅ.ला सु. ८ मिग्रॅ. भरले.

हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, बोबडेपणा, दृष्टिक्षेत्र संकोच व बहिरेपणा ही लक्षणे दिसू लागली, तोवर मेंदूतील पेशींची हानी झालेली होती. रुग्णालयांत ६,५३० रुग्ण दाखल झाले व त्यांपैकी ४५९ दगावले. रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले या आकड्यांत नाहीत. सौम्य लक्षणे असलेल्या काही मातांची अर्भके गंभीर मेंदूविकारासह जन्मली. वारेतून हा पारा गर्भात सहज उतरतो.

स्वीडनने अल्किल पारायुक्त बीजप्रक्रियेवर १९६६ मध्येच बंदी घातली होती. भारतात उसाचे बेणे व बटाट्यासाठी वापरले जाणारे मेथॉक्सी एथिल मर्क्युरी क्लोराइड २०१८ मध्ये बंद करण्यात आले.