केनियात स्वयंसेवक म्हणून जाताय? तिथलं रोजचं जगणं कसं असतं ते आधी वाचा

आफ्रिका म्हटलं की डोळ्यांसमोर सिंह, जिराफ आणि रणरणतं ऊन येतं. पण जुलैमध्ये नैरोबीत उतरलात, तर बॅगेतून आधी स्वेटर काढावा लागेल. हे शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून इथे फक्त केनियाबद्दल बोलू.

निघण्यापूर्वी

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवानगी सुरू केली. ती फक्त देशात शिरण्यापुरती असते. बिनपगारी कामासाठीही वेगळा पास लागतो का, तो कोण काढणार, हे संस्थेकडून लेखी घ्या.

पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी टोचून घ्या. तिचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतताना विलगीकरणात राहावं लागू शकतं. मोम्बासाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात मलेरियाचा धोका जास्त असतो. त्यामुळे प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

घरून दिलेला चिवडा डब्यात न्या. २०१७ पासून तिथे प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगवर कडक बंदी आहे.

घड्याळ सहा तास वेगळं

स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', अर्थात पहिला तास. कुणी 'सा म्बिली'ला, म्हणजे दोनला बोलावलं, तर ते सकाळचे आठ असतात! विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवत असल्याने हा हिशेब जमतो. आपल्याकडच्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजत. इंग्रजीत बोलताना मात्र नेहमीचीच वेळ सांगतात. शंका आली, तर 'सकाळी की दुपारी?' असं विचारून घ्या.

आधी विचारपूस, मग काम

दुकानात शिरून थेट भाव विचारणं उद्धटपणाचं वाटतं. आधी 'हबारी?' म्हणायचं, 'न्झुरी' हे उत्तर ऐकायचं आणि मग कामाचं बोलायचं. 'हबारी' म्हणजे आपली 'खबर'च. 'गारी' म्हणजे गाडी आणि 'रांगी' म्हणजे रंग, हेही लगेच लक्षात राहतं.

ताटात काय?

रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो हातानेच खातात. सोबत 'सुकुमा विकी' ही पालेभाजी असते. मका आणि घेवड्याच्या दाण्यांची 'गिथेरी' शाकाहाऱ्यांना बरी पडते. 'सिली न्यामा' म्हणजे 'मी मांस खात नाही'. पण चिकन (कुकू) आणि मासे (सामाकी) या 'न्यामा'त धरले जातीलच असं नाही. तेही वेगळं सांगा.

पैसे आणि प्रवास

२००७ मध्ये सुरू झालेलं एम-पेसा साध्या फोनवरही चालतं. भाजीवालीपासून मटाटूपर्यंत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसपर्यंत, ते सगळीकडे घेतात. पासपोर्ट दाखवून सिम कार्ड घेणं हे पहिल्याच दिवसाचं काम. मटाटूत बसण्याआधी भाडं विचारून घ्या. पाऊस आला की ते वाढतं.

सगळ्यात अवघड गोष्ट

तुम्हाला तिथे 'म्हिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतील. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला भारतातून ३० हजारांहून अधिक मजूर गेले होते. पुढे अनेक भारतीय कुटुंबं व्यापारात स्थिरावली. त्यामुळे भारतीय म्हणजे पैसेवाला, असा समज आढळतो.

ओळख झाली की कुणी शाळेच्या फीसाठी, कुणी औषधासाठी पैसे मागेल. नाही म्हणताना अपराधी वाटतं. पण एकाला गुपचूप दिले, तर दुसऱ्याला काय सांगणार? आणि तुम्ही परतल्यावर पुढच्या सत्राची फी कोण भरणार? म्हणून शब्द देण्याआधी संस्थेतल्या स्थानिक सहकाऱ्याशी बोला. द्यायचेच असतील, तर संस्थेमार्फत द्या.

फोटोंचंही तसंच. मुलांचा फोटो टाकण्याआधी पालकांची परवानगी घ्या. केनियाच्या २०१९ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आपल्या गावातल्या शाळेत येऊन एखाद्या परक्या पाहुण्याने न विचारता मुलांचे फोटो इंटरनेटवर टाकले, तर आपल्याला चालेल का?

पहिले काही आठवडे तुम्ही मदत करण्यापेक्षा मदत घ्यालच जास्त. पाणी कुठे भरायचं, मटाटू कुठे थांबते, हे शेजारीच शिकवतील. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. ओळख अशीच होते, आणि ओळखीशिवाय तिथे काम पुढे सरकत नाही.