कापडाच्या दुकानातून सूक्ष्म जीवांच्या जगात

दुकानाच्या किल्ल्या मुलांच्या हाती दिल्यावर पुढचा दिवस कसा घालवावा, हा प्रश्न आपल्या व्यापारी समाजाला नवा नाही. कोणी धर्मध्यानात रमतो, कोणी संस्थेच्या कार्याला वाहून घेतो, तर कोणी बाग, पक्षी, गुरेवासरे यांत जीव गुंतवितो. अशा छंदांकडे घरची मंडळी कौतुकाने, क्वचित उपहासानेही पाहतात. परंतु साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमधील एका कापड दुकानदाराच्या छंदाने डोळ्यांना न दिसणारी जीवसृष्टी जगासमोर आणली. त्या आंतोन व्हान लेव्हेनहूक यांचे स्मरण करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

लेव्हेनहूक यांचा जन्म १६३२ साली डेल्फ्ट या गावी झाला. वडील टोपल्या विणणारे. त्यांचे छत्र बालपणीच हरपले. सोळाव्या वर्षी मुलगा ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीस राहिला आणि १६५४ मध्ये गावी परतून त्याने स्वतःचे कापडाचे दुकान मांडले. विद्यापीठाचे तोंड त्यांनी पाहिले नाही. विद्वानांची लॅटिन भाषा त्यांना येत नव्हती. जन्मभर त्यांनी आपल्या डच मातृभाषेतच लिहिले. १६६० मध्ये त्यांना नगराच्या कचेरीत नोकरी मिळाली, चरितार्थाची चिंता मिटली आणि हळूहळू दुकान मागे पडून छंद पुढे आले.

हे छंद एक-दोन नव्हते. जमीनमोजणीची परीक्षा देऊन ते १६६९ मध्ये अधिकृत मोजणीदार झाले. १६७९ पासून गावात येणाऱ्या मद्याच्या पिंपांचे माप तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. धातुकाम आणि काच फुंकण्याची कला त्यांनी हस्तगत केली. या सर्वांचा मेरुमणी म्हणजे भिंगे घासणे. सुताची वीण पारखण्यासाठी कापड व्यापारी भिंग वापरीत असत. लेव्हेनहूक यांनी तेच साधन पराकोटीला नेले. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पत्र्यांमध्ये वाटाण्याहूनही लहान असे एकच भिंग आणि समोर सुईच्या टोकावर ठेवलेली वस्तू, एवढेच त्यांचे सूक्ष्मदर्शक. अशी पाचशेहून अधिक भिंगे त्यांनी आयुष्यात तयार केली. आज उरलेल्या मोजक्या उपकरणांपैकी एक वस्तूला सुमारे २७० पट मोठी करून दाखविते.

१६७४ मध्ये गावाजवळच्या तळ्याचे पाणी पाहताना त्यांना त्यात हालचाल करणारे जीव दिसले. पुढे मिरी तिखट का लागते, हे शोधण्यासाठी त्यांनी मिरी पाण्यात भिजत ठेवली. काही आठवड्यांनी त्या पाण्यात त्यांना त्याहूनही सूक्ष्म असे असंख्य जीव आढळले. हा वृत्तांत त्यांनी ऑक्टोबर १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविला. १६८३ मध्ये त्यांनी स्वतःच्या दातांवरचे किटण तपासले. रोज मिठाने दात घासूनही त्यात जीवांचे थवेच्या थवे वावरत होते.

त्यांची पारख इथेच थांबली नाही. साठवलेल्या धान्यातील सोंडे धान्यातूनच आपोआप उपजतात, पिसवा धुळीतून जन्मतात, असे त्या काळी युरोपातील सुशिक्षितही मानीत. लेव्हेनहूक यांनी अंडे, अळी आणि कोश या अवस्था डोळ्यांनी पाहून हा समज खोडून काढला. उवांची वाढ समजून घेण्यासाठी तर त्यांनी उवा मोज्यात घालून तो मोजा काही दिवस स्वतःच्या पायात वागविला आणि नंतर अंडी मोजली!

अशा गोष्टींवर विश्वास कोण ठेवणार? येथे त्यांच्यातील दुकानदार उपयोगी पडला. त्यांनी आकार सांगितला तो वाळूच्या कणाशी आणि केसाच्या जाडीशी ताडून. संख्या सांगितली ती हिशेब मांडून. शंका निघताच धर्मोपदेशक व अन्य प्रतिष्ठित गृहस्थांना बोलावून त्यांनी जीव प्रत्यक्ष दाखविले आणि त्यांच्या सह्यांची साक्षपत्रे लंडनला धाडली. नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी सोसायटीपुढे ते जीव पुन्हा दाखविले, तेव्हा वाद मिटला. १६८० मध्ये या दुकानदारास सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. माप, नोंद आणि साक्ष ही पेढीवरची शिस्त विद्वत्तेच्या दरबारातही तितकीच खरी ठरली.

पाण्याच्या थेंबातील जीवांचा विषय निघाला की आपल्या मनात गाळलेल्या पाण्याची परंपरा जागी होते. त्या भरात ‘आमचे शास्त्र विज्ञानाने सिद्ध केले’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. आपल्या पूर्वजांनी पाणी गाळले ते करुणेने. लेव्हेनहूक यांनी पाणी पाहिले ते जिज्ञासेने. त्यांच्या प्रयोगांत कितीतरी जीवांचा घात झाला आणि अहिंसेच्या दृष्टीने ते आपणास रुचणार नाही. पण ज्याला इतरांनी तुच्छ किडा म्हणून झटकले, त्याच्याकडे हा माणूस तासन् तास आदराने पाहत राहिला, हेही तितकेच खरे. १७०२ मध्ये पन्हळीतील वाळलेल्या धुळीवर पाणी घालताच तिच्यातील निपचित जीव पुन्हा हालू लागल्याचे त्यांनी लिहिले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

या थोर जीवनाला एक उणीव मात्र राहिली. त्यांनी सुमारे १९० पत्रे सोसायटीला लिहिली, पण आपली सर्वोत्तम भिंगे आणि निरीक्षणाची खास रीत कोणाला सांगितली नाही; शिष्यही तयार केला नाही. १६९८ मध्ये रशियाचा सम्राट पीटर भेटीस आला, त्यालाही त्यांनी पाहू दिले ते आपल्या मर्जीइतकेच. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदीत, त्यांचे निधन झाले. चांदीची २६ उपकरणे त्यांनी सोसायटीला मृत्युपत्राने दिली. कालांतराने तीही गहाळ झाली. त्यांच्यानंतर शतकाहून अधिक काळ सूक्ष्म जीवांचा अभ्यास फारसा पुढे सरकला नाही. पत्रांत उतरले ते वाचले. हातातले कसब हातांबरोबरच गेले.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी या गोष्टीचा विचार अवश्य व्हावा. जुनी हस्तलिखिते वाचणारे, मोडी जाणणारे, आजारी मुक्या प्राण्यांची सेवा जाणणारे वडीलधारे आपल्यातही आहेत. त्यांच्या छंदाला वेळ घालविण्याचे साधन समजू नये. एखाद्या तरुणाने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. आणि वडीलधाऱ्यांनीही आपली विद्या गाठीला बांधून न ठेवता मोकळ्या हाताने द्यावी. वाहत्या पाण्यासारखी ती पुढच्या पिढीकडे जात राहिली, तरच टिकेल.