एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची किंमत

एचआयव्हीची लागण झालेली नाही, परंतु ती होण्याचा धोका अधिक आहे, अशा व्यक्तींना संसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधोपचारास ‘संपर्कपूर्व प्रतिबंधक उपचार’ किंवा संक्षेपाने ‘प्रेप’ असे म्हणतात. पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष, पारलिंगी व्यक्ती, देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती, शिरेतून अमली पदार्थ टोचून घेणारे आणि एचआयव्हीबाधितांचे जोडीदार हे या उपचाराचे प्रमुख लाभार्थी होत. या औषधांची विक्रीकिंमत उत्पादनखर्चापेक्षा पेटंटवर अधिक अवलंबून असल्याचे दिसते.

गोळ्या

टेनोफोविर व एमट्रिसिटाबिन यांचे मिश्रण असलेल्या ‘ट्रुवाडा’ या गोळीस अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये प्रतिबंधक वापरासाठी मान्यता मिळाली. तेथे तिची उत्पादक गिलियड सायन्सेस ही एकमेव विक्रेती होती. २०१९ मध्ये तिची घोषित किंमत महिन्याला १,७०० डॉलरहून अधिक होती. त्याच मिश्रणाच्या जेनेरिक गोळ्या अनेक विकसनशील देशांत वर्षाला १०० डॉलरहून कमी किमतीत मिळत होत्या. अमेरिकेत पहिली जेनेरिक गोळी ऑक्टोबर २०२० मध्ये आली. २०२१ मध्ये इतर उत्पादक बाजारात उतरल्यावर किंमत झपाट्याने घटली.

अनुषंगिक खर्च

गोळी स्वस्त झाली तरी उपचार निःशुल्क होत नाही. ठरावीक काळाने एचआयव्ही चाचणी, मूत्रपिंडाच्या कार्याची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. अमेरिकेत बहुतेक खाजगी विमा कंपन्यांना हा खर्च ग्राहकाकडून काहीही न घेता द्यावा लागतो. विमा नसलेल्यांना मात्र या तरतुदीचा लाभ मिळत नाही.

इंजेक्शन

लेनाकापाविर हे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यावे लागते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दक्षिण आफ्रिका व युगांडातील ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा त्याची वार्षिक किंमत २८,२१८ डॉलर ठरवण्यात आली. तत्पूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, गिलियडने १२० देशांसाठी जेनेरिक उत्पादनाचे परवाने सहा कंपन्यांना दिले होते. पुण्याची एमक्युअर आणि हैदराबादच्या हेटेरो व डॉ. रेड्डीज या त्यांपैकी होत. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलर दराने पुरवठा करण्याचे करार हैदराबादच्या या दोन कंपन्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको व पेरू येथील स्वयंसेवकांनी या औषधाच्या दुसऱ्या चाचणीत भाग घेतला होता. तथापि हे देश परवान्याच्या यादीत नाहीत.