म्यान कुणाचं?

माझा एक जुना विद्यार्थी आता हाताने सुऱ्या घडवतो. ट्रेकला न्यायची एक सुरी घेऊन तो मागच्या महिन्यात घरी आला. म्हणाला, "सर, पातं जमलं, म्यान जमेना. पहिल्याची शिवण दोन दिवसांत धारेनं कापली." मी शिक्षक, कारागीर नव्हे. पण जुन्या म्यानांबद्दल जे वाचलं होतं, ते सांगितलं.

मोगल काळातल्या तलवारींची म्यानं बहुतेक लाकडाच्या दोन पातळ फळ्यांची. पात्याच्या मापाने कोरायच्या, जोडायच्या, वरून चामडं किंवा मखमल चढवायची. तोंडाशी धातूची मुहनाल, टोकाशी तहनाल. तोंड झिजू नये आणि टोक म्यान फोडून मांडीत घुसू नये, यासाठी ही सोय. तुर्की किलिजचं पातं टोकाकडे रुंद होतं. ते अरुंद तोंडातून जाणार कसं? तिथल्या कारागिरांनी म्यानाच्या पाठीला तोंडापासून फट ठेवली. म्हणजे म्यान पात्याकडे बघूनच ठरतं.

चामड्याच्या म्यानाचंही तसंच. शिवणीच्या आत, धारेच्या बाजूला चामड्याची एक जादा पट्टी घातली, की धार पट्टीवर टेकते, दोऱ्यावर नाही. तळाशी पाणी निथळायला भोक. आणि घरी आल्यावर सुरी म्यानाबाहेर ठेवायची. चामडं ओल धरतं, पोलाद गंजतं.

निघताना त्याने विचारलं, "सर, म्यान मराठी की उर्दू?"

शब्द मूळचा फारसी. 'मियान' म्हणजे मध्य, कंबर, आणि तलवारीचं घरही. आपल्या 'दरम्यान'मध्ये तोच बसलाय. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. तरी मराठी माणूस आजही तलवार 'म्यान'च करतो.

मी दोन्ही भाषा शिकवतो म्हटल्यावर काही जण हसून ऐकवतात, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत." ही म्हण उर्दूतही जशीच्या तशी आहे. मला टोचण्यासाठी ते जो शब्द वापरतात, तोच दोन्ही भाषांत सुखाने नांदतोय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. पूर्वी मी गप्प बसायचो. आता शब्दाचा अर्थ सांगतो.

परवा त्या मुलाने नव्या म्यानाचा फोटो पाठवला. पट्टी घातली आहे, शिवण शाबूत आहे.